ताईच्या हातची कार्डं

७ फेब्रुवारी

ताई,

माझं अक्षर पाहून तू पाकीट तसंच बाजूला ठेवशील असं वाटलं, म्हणून वरचा पत्ता ऑफिसात छापून घेतला. फसवणूकच आहे. पण आता उघडलंच आहेस तर वाच.

तुझा पत्ता मला एका बेडकामुळे मिळाला. भाड्याची जागा बघायला एक बाई आल्या होत्या. त्यांची मुलगी बाकावर बसून विज्ञानाचं पुस्तक चाळत होती आणि त्यात एका पानावर बेडूक होता. पोट उघडून आतलं सगळं दाखवलंय, आणि चेहरा असा शांत, जणू आधी त्याला विचारून मगच पोट उघडलंय. असा बेडूक काढणारं माणूस मला एकच माहीत आहे. पुस्तकाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन केला. तिथल्या बाईंनी तुझा पत्ता दिला. फोन नंबर मागितला तर म्हणाल्या, विचारून सांगते. मग काही सांगितलं नाही. असू दे.

घरी ये म्हणायला मी लिहीत नाही. माझं काम आहे.

मी जागांच्या एजंटकडे नोकरीला आहे हे तुला माहीत असेल किंवा नसेलही. किल्ल्या सांभाळते, फोन घेते, आणि खरं सांगायचं तर जागाही मीच दाखवते, कारण मालकांचे गुडघे गेलेत. त्यांना सगळे काका म्हणतात, त्यांच्या बायकोच्या तोंडूनही एकदा चुकून निघालं होतं. जूनअखेर ते काम थांबवणार आहेत. मला म्हणाले, "ऑफिस तू चालव. गिऱ्हाईक तुलाच ओळखतं, मला कोण विचारतंय. पण परवाना तुझ्या नावावर पाहिजे. नसेल तर मी शटर ओढणार."

परवान्याला परीक्षा आहे. मी दोनदा नापास झालेय. तिसरी संधी मे महिन्यात. ती हुकली की कोर्स पहिल्यापासून करायचा, आणि तोवर ऑफिस कुठलं राहायला. त्या ऑफिसाशिवाय मला दुसरं काही नीट येत नाही, ताई. ते मात्र येतं. नवरा-बायको जागा बघायला आले की कोण कशावर भांडणार आहे ते मला दारातच कळतं.

अडचण जुनीच आहे. पुस्तक उघडलं की ओळी मुंग्यांसारख्या निघून जातात. लिहिताना पळत नाहीत, वाचतानाच पळतात. शाळेत नद्यांचा धडा मला येईना, तेव्हा तू माझीच वेणी घातलीस आणि दर पेडाला नदीचं नाव दिलंस. ते अजून पाठ आहे.

म्हणून मागते. सोबत शब्द पाठवलेत: गहाण, भाडेपट्टा, मुखत्यारपत्र आणि असे बरेच. समोर अर्थही काकांकडून लिहून घेतलेत. प्रत्येकाचं एक चित्र काढून दे, खेळायच्या पत्त्याएवढं. चित्राखाली काही लिहू नकोस. शब्द माझ्याकडे आहेत, तेच तर पळतात.

बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस तरी सांगून ठेवते.

तुझी बारकी


२ मार्च

ताई,

पाकीट पोचलं. आत चिठ्ठी नव्हती. शब्द नकोत असं मीच म्हटलं होतं, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करू. पण पाकीट उलटं करून झटकून पाहिलं, एवढं सांगते.

गहाणाचं कार्ड पाहून मी ऑफिसात एकटीच हसले. आपलं शिलाई मशीन, त्याच्या पायाला दोरी, दोरीचं टोक लांब बसलेल्या ढेरपोट्या माणसाच्या हातात. आणि मशीनवर माणूस मजेत शिवत बसलाय. म्हणजे वस्तू आपल्याकडेच, वापरही आपलाच, फक्त दोरी दुसऱ्याच्या हातात. पुस्तकात ह्याला पाऊण पान लागलंय.

भाडेपट्टा आणि नुसती राहण्याची परवानगी, ह्या दोन्हीत माझा नेहमी घोळ व्हायचा. तू एकच खोली दोनदा काढलीस. एकीत राहणाऱ्याने दाराला स्वतःचं कुलूप लावलंय आणि मालक बाहेर उभा राहून कडी वाजवतोय. दुसरीत मालक किल्ली कमरेला लावून सरळ आत येतोय आणि बिचारा राहणारा अंगात घालायला बनियन शोधतोय. आता मी मेले तरी विसरणार नाही. वहिवाटीच्या हक्काला तू शेजारच्या मावशींना बादली घेऊन आपल्या मागच्या दारातून जाताना दाखवलंस, तोंड अगदी तसंच, रस्ता त्यांच्या बापाचा असल्यासारखं.

काकांना दाखवली. चष्मा वर-खाली करत प्रत्येक कार्ड बघितलं. म्हणाले, "आयुष्य गेलं लोकांना हे समजावण्यात. आधी ही बाई का नाही भेटली?" मी म्हटलं, बहीण आहे माझी. म्हणाले, "तुला बहीण आहे?" मी कार्डं गोळा केली.

कार्डं मी घरभर चिकटवलीत. भांड्यांच्या फळीवर, आरशाच्या कडेला, न्हाणीच्या दारावर. वस्तू आणि अर्थ एकत्र लक्षात राहतो. पुढे शिलाईच्या दुकानात, बाबांच्या बाजूला, एकही लावलेलं नाही. तू घाबरू नकोस.

बारकी


१९ मार्च

ताई,

मुखत्यारपत्राचं कार्ड परत पाठवतेय, ते जरा खराब झालं. नवीन काढून दे. एकाने दुसऱ्याचा कोट घालून सही करायची आणि कोटवाला मेला की कोट रिकामा खाली पडायचा, ही कल्पना पक्की बसलीय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. फक्त कोटाची डावी बाही उजवीकडे लागलीय असं दिसतं. ते नीट कर.

त्यावर निळ्या खडूच्या रेघा आहेत. कशा आल्या विचारू नकोस.

ऑफिसात सगळं ठीक. काकांनी खुर्ची बदलायला काढलीय, म्हणाले माझी खुर्ची तुला खोल पडेल. अजून परीक्षा व्हायचीय आणि हे खुर्च्या मोजतायत. मला रात्री झोप लागत नाही असं नाही, पण सकाळी लवकर जाग येते.

बारकी


६ एप्रिल

ताई,

नवं पाकीट मागच्या आठवड्यात आलं. कोट दुरुस्त झाला. पण बाकीच्या कार्डांत जे काय चाललंय ते चुकून झालंय असं मला वाटत नाही. खरेदीखताच्या कार्डात पुरुषाच्या शर्टाला बायकी बाजूने गुंड्या. वारसाच्या कार्डात एका भावाची पँट एकाच पायाला तोकडी. तू पूर्वी कागदावर सरळ बाही काढू शकत नव्हतीस का? दुकानातली निम्मी बेतणी तूच करायचीस. तेव्हा तू मुद्दाम करतेस हे मी ओळखलंय, आणि तू बाबांचा खडू ओळखला असशीलच. आता लपवण्यात अर्थ नाही.

झालं असं. पहिले काही दिवस बाबा कार्डांच्या समोरून असे जायचे, जणू भिंतीला डाग पडलेत. मग एकदा न्हाणीच्या दारापाशी थांबले.

"हे काय लावलंस? भिंतीला गोवर आल्यासारखं दिसतंय."

"परीक्षेचं आहे, बाबा."

"दलाल व्हायला परीक्षा लागते?"

"लागते."

"मग इतकी वर्षं पास न होता फसवत होते की काय लोक," असं म्हणून आत गेले. दाढी करून आले आणि परत थांबले. "त्या कोटाची बाही उलटी आहे."

"चित्र आहे ते."

"चित्र असलं म्हणून काय, माणूस तर घालणारच ना." आणि कानावरचा खडू काढून तिथल्या तिथे बाही काढली. अजून कानावर खडू ठेवतात. डोळ्यांनी आता सुईत दोरा जात नाही, मी ओवून देते. नवीन कपडा बेतत नाहीत, नुसती दुरुस्तीची कामं घेतात. हे मी तुला आधी लिहिलं नव्हतं. बरे आहेत एवढंच लिहिलं होतं. बरेच आहेत, पण असे.

कोणी काढलं ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून दुपारी मी जेवायला घरी आले आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की मला हाक मारतात. "आण तो गोवर." मी कार्डं उतरवून आणते. ते एकेक वर धरतात, मी अर्थ सांगते. अर्थ चुकला तरी त्यांना कळत नाही, पण मी अडखळले की कळतं. म्हणतात, "टाका सुटला. परत सांग." आणि मधेच चित्रातली चूक सापडली की मला विसरून खडू काढतात. "त्या चित्रकाराला सांग, गुंड्यांची बाजू चुकलीय." "त्या चित्रकाराला सांग, पँटीचा घोळ असा पडत नाही." आज दोन चुका सापडल्या तर दिवसभर शीळ घालत होते.

कार्डं सोबत पाठवलीत. सुधारून पाठव. आणि चुका जरा अवघड कर, ह्या त्यांना लगेच सापडतात.

तू गेलीस त्या सकाळची आठवण मला नको असते, पण ह्या दिवसांत येते. दुकान तू चालवावं हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं, तुला कोणी विचारलं नव्हतं. तू चित्रकलेला जाते म्हणालीस, पेटी उचललीस, आणि ते कात्री खाली न ठेवता म्हणाले, "ही पायरी उतरलीस तर परत चढू नकोस." रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण तूही त्यांचीच लेक, शब्द धरून बसलीस. मी मधल्या दारात उभी होते. मला दोघांचंही खरं वाटत होतं.

अभ्यास चाललाय. निम्म्याहून जास्त शब्द झाले.

तुझी बारकी


२४ एप्रिल

ताई,

मोठा घोटाळा झालाय आणि मला तुझी ताबडतोब मदत हवी.

प्लॉटच्या चारी बाजूंनी जागा मोकळी सोडून मगच घर बांधायचं असतं, त्याचं कार्ड तू पाठवलंस. मधे घर, भोवती मोकळी पट्टी. मला त्या पट्टीचं कारण ध्यानात राहीना. बाबा म्हणाले, "त्यात काय अवघड आहे? शिवताना आत जास्तीचं कापड सोडतो तसं. माया ठेवायची. पोरगं वाढलं, अंग भरलं, की उसवायचं आणि सैल करायचं. घराचंही तेच." मला इतकं पटलं की विचारू नकोस. लहानपणापासून आपले सगळे फ्रॉक तसेच वाढलेत.

काल एक जोडपं बैठं घर बघायला आलं. बाई पोटुशी. तिने विचारलं, पुढे खोली वाढवता येईल का? मी अगदी विश्वासाने म्हटलं, "हो हो, चारी बाजूंनी ठेवलंय की. कुटुंब वाढलं की तिकडे सरकायचं." दोघं खूश. विसार द्यायची तारीख ठरवून निघाले. काका आतून ऐकत होते. ते गुडघे घेऊन जिन्यावरून त्यांच्या मागे धावले, ताई. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. खाली जाऊन त्यांना सांगितलं की आमच्या बाईंची बोलण्यात चूक झाली, तिथे वीटही ठेवता येत नाही.

वर आले, श्वास घेतला, आणि ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "परवाना मिळाल्यावर हे बोललीस तर तो त्याच आठवड्यात जाईल. आणि त्या बाईचं घर पाडतील." मग थोड्या वेळाने, "मी शटरचं बोललोय ते खरंच बोललोय हो."

बाबांना हे सांगितलेलं नाही. त्यांचं शिकवणं चुकलं हे त्यांना कसं सांगू. आणि माझ्या डोक्यातून ती माया निघत नाही. कार्ड पाहिलं की हात उसवायलाच जातात. परीक्षा तीन आठवड्यांवर आली. तूच काहीतरी कर.

बारकी


५ मे

ताई,

कार्ड मिळालं. आधी ते सांगते, मग तुझ्या ओळींबद्दल.

घराला तू शर्ट घातलास. शर्टाच्या कडेने जाड दोऱ्याची दुहेरी शिवण. शिवणीच्या पलीकडे मोकळी पट्टी, तिच्यातून ऊन तिरकं होऊन शेजारच्या खिडकीत जातंय आणि खिडकीत एक म्हातारी तांदूळ निवडतेय. तिच्यावर ऊन पडलंय म्हणून तिला खडे दिसतायत. मी हे कार्ड पाहिलं आणि सगळं जागेवर बसलं. ती जागा आपली असली तरी तिच्यातला उजेड दुसऱ्याचा आहे.

आणि खाली तुझं अक्षर. "बारके, बाबांना सांग, ही माया शेजाऱ्याच्या उजेडासाठी ठेवलेली आहे. घर कितीही वाढलं तरी उसवायची नाही."

तू शब्द लिहिलेस. मी ते परत परत वाचलं. ओळी जागच्या हलल्या नाहीत, हे खरं सांगते.

बाबांना सांग म्हणालीस, पण मी सांगितलं नाही, कार्डच दिलं. ते दाराशी उजेडात गेले. हात लांब करून वाचलं, मग आणखी लांब. त्या जोडप्याचीही गोष्ट मी सांगून टाकली. मला वाटलं चिडतील. म्हणाले, "बरोबर आहे. काही शिवणी आम्हीही पक्क्या मारायचो. तुला सांगायचं राहिलं." आणि कार्ड परत देताना, "ओळ अजून वरच चढते हिची. लहानपणी किती वेळा सांगितलं, पट्टी ठेवून लिही."

इतके दिवस "तो चित्रकार" चाललं होतं. आज "हिची" म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि दोरा ओवत बसले.

आणखी एक आहे. लिहू की नको असा विचार करत होते, पण लिहिते. काल दुपारी बाबा उजळणी घेत होते. नोटिशीचं कार्ड आलं, मालक बोट दाखवतोय आणि भाडेकरू बोचकं बांधतोय ते. बाबांनी ते वर धरलंच नाही, हातातच ठेवलं.

"एकदा दिलेली नोटीस मागे घेता येते का?"

"येते. देणाऱ्याने तसं दाखवलं आणि समोरच्याला मान्य असलं तर."

"दाखवायचं म्हणजे? लेखी द्यायचं?"

"लेखी असलेलं बरं. नाहीतर वागण्यातून दिसलं तरी धरतात. भाडेकरू अजून आपलाच आहे असं मालक वागला की झालं."

"आणि तो सामान घेऊन गेलेला असेल तर?"

"ते पुस्तकात नाही, बाबा."

त्यांनी ते कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं. "मुखत्यारपत्र," म्हणाले. "सांग, कोटवाला मेल्यावर काय होतं?"

मी सांगितलं. अडखळले नाही.

तुझी बारकी


२१ मे

ताई,

पास झाले.

हे आधी लिहिलं, म्हणजे तुला पत्र शेवटापासून वाचायला नको. तशीच वाचायचीस ना तू.

परीक्षेच्या खोलीत कार्ड न्यायची परवानगी नाही. रुमालसुद्धा झटकून पाहिला. प्रत्येकासमोर स्क्रीन, मधे पुठ्ठ्याच्या आडभिंती. पहिला प्रश्न वाचला आणि ओळी निघाल्या पळायला. मी डोळे मिटले. म्हटलं, शब्दाच्या मागे धावायचं नाही, एक शब्द पकडायचा आणि चित्राची वाट बघायची. "गहाण" हाताला लागला, आणि मशीन आलं, दोरी आली, ढेरपोट्या आला. मग सगळे आपापले कपडे घालून येत गेले. शेजारच्या मावशी बादली घेऊन आल्या तेव्हा मी हसले, तर देखरेखीच्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं.

मोकळ्या जागेचा प्रश्न होता. घर वाढवण्याबद्दलच. माझं बोट क्षणभर तिकडे गेलंच होतं. मग तांदूळ निवडणारी म्हातारी दिसली.

शेवटचं बटण दाबलं की निकाल तिथेच दिसतो. जेमतेम गुण आहेत, काठावरचे. पण परवान्यावर गुण लिहीत नाहीत.

बाबा सोबत आले होते. मी नको म्हटलं होतं. बाहेर बाकावर पहारेकऱ्याच्या शेजारी बसून होते, आणि त्या माणसाच्या पँटीची खालची शिवण सुटलीय हे त्याला सांगून झालं होतं. मला पाहून उठले.

"झालं?"

"झालं."

"सगळं बसलं?"

"काठावर बसलं."

"काठ पक्का असला की झालं," म्हणाले, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. घरी येईपर्यंत सोडली नाही. दोनदा रस्ता चुकले. रोजचाच रस्ता आहे तो.

काकांनी ऑफिसात खुर्ची आणून ठेवली होती. ही खोल पडत नाही. काकू पेढे वाटत होत्या आणि काका गिऱ्हाइकांना सांगत होते, "हिच्या बहिणीने शिकवलं तिला." मी दुरुस्त केलं नाही. निम्मं खरं आहेच, उरलेलं निम्मं दुकानात बसून कोणाची तरी पँट तोकडी करत होतं.

तुझी बारकी


११ जून

ताई,

हे पत्र मी बहीण म्हणून लिहीत नाही. कामाचं आहे. शेवटपर्यंत वाच.

काल ऑफिस उघडलं आणि पहिलं गिऱ्हाईक आत आलं. कोट घातलेला, केसांना तेल, हातात छत्री. बाबा. ते आजवर माझ्या ऑफिसाची पायरी चढले नव्हते. मला वाटलं काहीतरी झालं. मी उठले तर म्हणाले, "बस बस. गिऱ्हाइकासाठी उठतेस का तू रोज?" आणि समोरच्या खुर्चीत बसले. काका आत होते, ते उगाचच खोकले आणि कागद चाळायला लागले.

"एक खोली भाड्याने द्यायची आहे," बाबा म्हणाले.

"कुठली?"

"दुकानाच्या वरची."

आपल्या दोघींची खोली, ताई. हल्ली तिथे कापडाचे गठ्ठे होते. मला माहीत नव्हतं, पण गेले काही दिवस ते एकेक गठ्ठा खाली आणत होते आणि मी विचारलं की म्हणायचे, वाळवी बघतोय.

मी फॉर्म काढला. परवाना मिळाल्यावरचा माझा पहिला. विचारायचं ते सगळं विचारलं.

"कोणाला द्यायची? कुटुंबाला, एकट्याला?"

"चित्रं काढणाऱ्या माणसाला. बाईमाणूस चालेल. उजेड उत्तरेचा आहे, दिवसभर सारखा राहतो. चित्रकाराला तसाच लागतो म्हणे."

"कोण म्हणे?"

"मी चौकशी केली," म्हणाले, आणि छत्रीची मूठ फिरवत बसले.

मग मी त्यांना कायदा सांगितला. जागेत जे दोष माहीत आहेत ते घेणाऱ्याला आधी सांगावे लागतात. लपवले तर परवाना माझा जातो. ते म्हणाले, लिही. म्हणून लिहिलं, आणि आता तुला कळवते, कारण तुला कळवणं माझं काम आहे.

जिना अरुंद आहे, मोठं टेबल वर जाणार नाही, सुटं करून न्यावं लागेल. खिडकीची एक फळी वारा आला की वाजते. नळाला सकाळीच पाणी असतं. दिवसभर खालून मशीनचा आवाज येतो, पण आता पूर्वीइतका नाही.

मला वाटलं संपलं. मी पेन खाली ठेवलं.

"अजून एक आहे," बाबा म्हणाले. "खाली मालक राहतो. म्हातारा आहे. पहाटे खोकतो. तोंडाचा फटकळ आहे, मागे एकदा नको ते बोललेला आहे."

"तेही लिहू?"

"लिही. नंतर तक्रार नको."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. ओळ थोडी खाली उतरली, त्यांची नेहमी उतरते.

कायद्याने आणखी एक सांगायचं असतं, एजंट मालकाचा नातेवाईक असेल तर. आहे. आणि घेणाऱ्याचीही असेल तर तेही. तेव्हा माझ्या बोलण्यावर फार विसंबू नकोस. स्वतः येऊन बघ आणि मग ठरव. बघून नको म्हणालीस तरी चालतं, बघायला आलं की घेतलंच पाहिजे असा नियम नाही.

ते दारापर्यंत गेले तेव्हा मी विचारलं, रिवाजच आहे म्हणून, "बाबा, मधे दुसरं कोणी जागा बघायला आलं तर दाखवू का?"

ते थांबले. कोटाची बाही झटकली, तिथे काही नव्हतं.

"दाखव की," म्हणाले. "आवडायची नाही कोणाला."

तुझी बारकी